बुधवारचं उलटं पाणी

माणसाचं डोकं फिरायला एक बाटली पुरते. क्लोरीनकाकांची बाटली बोटभर उंचीची होती, पांढऱ्या झाकणाची, आणि त्या सकाळी ती शाईसारखी काळी झाली होती.

काकांचं खरं नाव इमारतीत कुणाला आठवत नव्हतं. एकतीस वर्षं पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी शहराचं पाणी तपासलं होतं, आणि कुणाकडेही गेले तरी हातात आलेला पेला ते आधी नाकाला लावत आणि मग तोंडाला. त्यामुळे मुलांनी हे नाव ठेवलं आणि मोठ्यांनी ते कायम केलं. काकांना नावाचा राग नव्हता. राग याचा होता, की नाव क्लोरीनकाका ठेवूनही क्लोरीनबद्दल त्यांना कुणी एक अक्षर विचारत नव्हतं.

तर बाटली. तिच्यात नळाचं पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी दोन दिवस ठेवायची. पाणी चांगलं असेल तर बाटली आहे तशी राहते. पाण्यात गटार मिसळलं असेल तर काळी पडते. या बाटलीची थोरवी अशी, की तिला मत नसतं. ती चर्चेत भाग घेत नाही, दोन्ही बाजू समजून घेत नाही, काळी पडते आणि गप्प बसते. काकांच्या मते समाजात अशी एवढीच एक प्रामाणिक व्यक्ती उरली होती.

बाटली का काळी पडली हेही काकांना माहीत होतं. इमारतीची जमिनीखालची टाकी आणि सांडपाण्याचं चेंबर यांच्यामध्ये हातभर माती. टाकीच्या त्या बाजूच्या भिंतीला तडा गेलेला असणार, खालच्या कोपऱ्यात, डावीकडे. टाकी रिकामी करा, घासा, तडा बुजवा, संपलं. एका सकाळचं काम होतं.

त्या एका सकाळसाठी काका चार महिने झिजले.

पहिली सभा खालच्या हॉलमध्ये भरली. हॉलमध्ये पूर्वी पुस्तकांचं कपाट होतं. ते आता मीटरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं होतं, आणि त्याच्या जागी दाराएवढा टीव्ही आला होता. सभा साडेसहाची होती, पण सात वाजता त्या टीव्हीवर आरोग्याचा कार्यक्रम लागे. त्यात पांढरा कोट घातलेला एक गुळगुळीत माणूस सांगे, की सगळ्या रोगांचं मूळ झोपताना मान कुठे असते त्यात आहे. त्यामुळे सात वाजल्यानंतरची सभा जाहिरातींच्या वेळात चालली. काकांच्या वाट्याला दोन जाहिराती आल्या, एक साबणाची आणि एक गाद्यांची.

काकांनी बाटली वर धरली.

"काका, ही बाटली काळी आहे," सेक्रेटरी म्हणाला. "पाणी कुठे काळं आहे?" आणि त्याने पेलाभर पाणी ट्यूबलाइटसमोर धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा. आरपार दिसतंय."

"जंतू डोळ्यांना दिसत नसतात."

"मग तुम्हाला कसे दिसले?"

हॉल हसला. हसण्याचं काकांना काही नव्हतं. पण या माणसाच्या मुलीला सातवीत असताना विज्ञान काकांनी शिकवलं होतं, आणि तेव्हा हा दारात उभा राहून कौतुकाने मान हलवत होता.

"याचा एखादा व्हिडिओ आहे का?" शेजारच्या फ्लॅटमधल्या बँकवाल्यांनी विचारलं. ते निवृत्त अधिकारी होते आणि कुठल्याही गोष्टीला पुरावा मागत.

"व्हिडिओ नाही. पुस्तक आहे."

"बरं, पण त्या पुस्तकाचा कुणीतरी व्हिडिओ केलाच असेल ना?"

एवढ्यात जाहिरात संपली आणि गुळगुळीत माणूस परत आला. तो त्या दिवशी नेमका पाण्याबद्दलच बोलत होता. नळातून येणारं पाणी 'थकलेलं' असतं, असं त्याचं म्हणणं. पाईपमधून लांबून चालत येऊन ते दमतं. त्यावर उपाय म्हणजे पाईपला बांधायचा चुंबकाचा पट्टा, आणि तो पट्टा हा माणूस स्वतःच विकत होता. सभेने एकमताने पट्टा मागवायचं ठरवलं. काकांचा विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.

"तो माणूस डॉक्टर नाही," काका घरी येऊन काकूंवर ओरडले. "नट आहे! मागच्या वर्षी साबणाच्या जाहिरातीत होता!"

"म्हणजे स्वच्छ तरी आहे," काकू म्हणाल्या. त्याही तो कार्यक्रम बघत आणि दोन महिन्यांपासून मान पूर्वेला करून झोपत होत्या. त्यांची मान तेव्हापासून दुखत होती, पण ती मानेतलं वाईट बाहेर पडत असल्यामुळे, असं त्याच माणसाने सांगितलं होतं. एक बाटली पांढरी असो की काळी, दोन्हीचा अर्थ एकच लावायचा असेल तर बाटली हवी कशाला?

मग काका आपल्या जुन्या खात्यात गेले. ज्या इमारतीत एकतीस वर्षं त्यांच्या नावाची पाटी होती, तिथल्या खिडकीवरच्या तरुणाने मान वर न करता सांगितलं, "काका, आता सगळं ॲपवर."

"मी इथे..."

"ॲपवर, काका."

ॲपला फोटो हवा होता. काकांनी पाण्याचा फोटो काढला. ॲपने सांगितलं, फोटोत समस्या दिसत नाही. काकांनी काळ्या बाटलीचा फोटो टाकला. ॲपने सांगितलं, ही वस्तू 'शीतपेय' या प्रकारात मोडते, कृपया योग्य विभाग निवडा. काकांनी शेवटी टाकीच्या झाकणाचा फोटो टाकून खाली अडीचशे शब्दांचा अहवाल लिहिला. त्यातले पहिले चाळीस शब्द ॲपने ठेवले आणि बाकीचे खाल्ले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला पाच तारे द्या.' तारे दिल्याशिवाय नवी तक्रार करता येत नव्हती. काकांनी पाच तारे दिले. आयुष्यात त्यांनी इतक्या संतापाने कुणाचं कौतुक केलं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चौथ्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आजारी पडल्या. आजी एकट्याच राहत. मुलगा परगावी होता आणि त्याने दिलेल्या फोनवर त्यांचं जग चालायचं. जुलाब आणि उलट्यांनी त्या आठ दिवस हॉस्पिटलात होत्या, आणि परत आल्या तेव्हा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बसत बसत वर गेल्या. काका मागून त्यांची पिशवी घेऊन चढत होते.

"काय झालं म्हणाले डॉक्टर?"

"पोटात काहीतरी वाईट गेलं म्हणाले." आजी पायरीवर बसल्या. "पण मला माहितीये, ते नव्हे. फोनवर आलं होतं की या महिन्यात ज्यांच्या घराचं दार जिन्यासमोर आहे त्यांना पोटाचा त्रास होणार. माझं जिन्यासमोरच आहे की हो."

काकांनी पिशवी पायरीवर ठेवली. या बाईचा जीव त्यांच्या टाकीने जवळजवळ घेतला होता, त्यांना कारण आणि उपाय दोन्ही माहीत होतं, आणि ही बाई दाराची दिशा धरून बसली होती. पुढच्या वेळी आजी जिना चढून परत येतीलच असं नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी, जेवणाचं टेबल पुसून झाल्यावर, क्लोरीनकाका आयुष्यातलं पहिलं खोटं लिहायला बसले.

इथे काकांचा स्वभाव आडवा आला. दुसऱ्या कुणी चार ओळी खरडून दिल्या असत्या. पण काकांनी एकतीस वर्षं अहवाल लिहिले होते आणि अर्धवट काम त्यांना जमत नव्हतं. त्यांनी काकूंच्या फोनवरचे सतरा व्हायरल मेसेज काढले, वहीत रकाने आखले आणि प्रत्येकात काय काय आहे याची नोंद केली. भीती कितव्या ओळीत येते. उपाय किती वाजेपर्यंत करायचा. कुणाचा हवाला द्यायचा. सतरापैकी सतरा मेसेजच्या शेवटी 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' असं होतं. काकांनी तीही ओळ घेतली. नमुन्यात जे शंभर टक्के आढळतं ते वगळायचं नाही, ही त्यांची प्रयोगशाळेतली शिस्त होती.

मेसेज असा झाला:

'तातडीचे!! येत्या बुधवारी पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा बदलणार आहे. त्यामुळे टाकीत साठवलेले जुने पाणी उलटे होते. उलटे पाणी पोटात गेल्यास गुडघे व स्मरणशक्ती यांवर कायमचा परिणाम होतो. बुधवारी सकाळी दहाच्या आत टाकी पूर्ण रिकामी करावी, भिंती घासाव्यात, तडे असल्यास बुजवावेत व ताजे पाणी भरावे. टीव्हीवाले हे सांगणार नाहीत. — एक ज्येष्ठ जलशास्त्रज्ञ, ३१ वर्षांचा अनुभव. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'

'तडे असल्यास बुजवावेत' एवढं लिहिताना काकांना बरं वाटलं. सगळ्या मेसेजमध्ये खरं असं तेवढंच होतं.

त्यांनी तो इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत सेक्रेटरीने तातडीची सभा बोलावली. चार महिने ज्या इमारतीला पुरावा हवा होता, व्हिडिओ हवा होता, सर्वांचं मत हवं होतं, तिला आता काहीच नको होतं. सभेला टीव्ही बंद ठेवण्यात आला. हे त्या टीव्हीच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"चार महिने मी हेच सांगत होतो," काका न राहवून बोलले.

"तुम्ही जंतूंचं सांगत होतात, काका," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाला. "हे शास्त्रीय आहे."

"आणि इथे अनुभव बघा," बँकवाले फोनवर बोट आपटून म्हणाले. "एकतीस वर्षं! असा माणूस उगाच बोलेल का?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. तो माणूस गेली बावीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

बुधवारी सकाळी सात वाजता सगळी इमारत ब्रश, बादल्या आणि झाडू घेऊन टाकीभोवती जमली. ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्या घरातला पेला उचलला नव्हता ते गुडघाभर गाळात उतरले. प्रत्येक घरातली पिंपं, हंडे, बाटल्या रिकाम्या करण्यात आल्या. आजीसुद्धा खाली येऊन खुर्चीवर बसल्या आणि सगळ्याचं फोनवर चित्रण करू लागल्या, आणि त्या भरात त्यांचा फोन बादलीत पडला. गाळ निघाला, भिंत दिसली, आणि खालच्या कोपऱ्यात, डावीकडे, मनगट जाईल एवढा तडा होता. त्यातून चेंबरचं पाणी थेंब थेंब येत होतं.

काका टाकीच्या तोंडाशी ओणवे झाले. कुणीतरी आता म्हणेल, 'काका, तुमचंच खरं होतं,' असं त्यांना वाटलं.

"बघा," सेक्रेटरी आतून ओरडला, "उलट्या पाण्याचा दाब किती असतो! भिंत फोडली!"

प्लंबरने तडा बुजवला. पावणेदहाला टाकी आरशासारखी झाली. सेक्रेटरीने मोठ्या ऐटीत मुख्य व्हॉल्व्ह फिरवला.

पाणी आलं नाही.

"येईल," सगळे म्हणाले आणि उभे राहिले. दहा वाजले. बँकवाले घड्याळ बघून कासावीस झाले. शेजारच्या इमारतीच्या आवारातही माणसं टाकीभोवती वाट बघत उभी दिसत होती. तिच्या पलीकडच्याही. रस्त्याच्या टोकाला हॉटेलवाला आपलं पिंप उपडं करून बसला होता.

काकांनी ती सगळी आवारं नजरेने मोजली. ते आवारातल्या, शहराच्या पाईपला थेट जोडलेल्या नळापाशी गेले आणि तो सोडला. नळातून पाण्याचा थेंब आला नाही, पण आवाज आला, एक लांब, ओला, गुरगुरता आवाज. काकांनी नळाच्या तोंडाला तळहात लावला, आणि नळाने तो आत ओढून धरला.

शहरात हे ज्यांना कळलं असतं अशी चार-पाच माणसं होती, आणि त्यांच्यातले काका सगळ्यांत जुने होते. अख्ख्या शहराने एका सकाळी टाक्या रिकाम्या करून सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले, की मोठ्या पाईपांतला दाब जातो. दाब गेला की पाईप पाणी बाहेर टाकायचं सोडून आत ओढू लागतो, आणि जिथे जिथे तो जमिनीत झिरपतो आहे तिथे तिथे शेजारचं गटार पितो. काकांनी हे नव्या माणसांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, फळ्यावर चित्र काढून. एका टाकीचा तडा बुजवण्यासाठी त्यांनी सबंध शहराच्या पाईपांची तोंडं गटारात घातली होती. आणि ती शेवटची ओळ! कुणी मागितली होती ती ओळ? सतरापैकी सतरा म्हणे!

फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता. पंचवीस वर्षांपूर्वी काकांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेली बाई आता तिथली प्रमुख होती.

"सर, ऐकलंत का? कुणा बेअक्कल माणसाने मेसेज सोडलाय, आणि सगळ्या शहराने टाक्या उपसल्यात. दाब शून्यावर आलाय. मी पाणी उकळून प्या म्हणून निवेदन काढतेय. खात्याचं कुणी ऐकत नाही, पण तुमचं नाव घातलं तर जुने लोक तरी ऐकतील. घालू ना, सर? ज्येष्ठ जलतज्ज्ञ म्हणून?"

"नको. तो बेअक्कल माणूस मी आहे."

पलीकडे काचसामान खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सर, तुम्ही?"

"आमची टाकी घाण होती. चार महिने कुणी ऐकलं नाही. आजी मरता मरता वाचल्या."

"पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतंत, आठवतंय?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "शंभर नमुने नीट तपासलेस आणि एकाचा आकडा मनाने लिहिलास, तर एकशे एक नमुने वाया गेले. मी अजून नव्या मुलांना हेच सांगते सर. तुमचं नाव घेऊन सांगते."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठेवते, सर. क्लोरीनचा डोस वाढवायचाय."

तिने शिव्या घातल्या असत्या तर काकांनी त्या आनंदाने ऐकल्या असत्या. ते आवारातल्या कठड्यावर बसून राहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना जगाचा राग आला नाही. तो सगळा राग त्यांना स्वतःसाठीच लागला.

दुपारी चारला पाणी आलं. मातकट पिवळं आणि वासाचं पाणी त्या आरशासारख्या टाकीत पडू लागलं. काका धावत गेले. "पिऊ नका! कुणी पिऊ नका! उकळा आधी!"

"काय काका," सेक्रेटरी म्हणाला, "हे सुलटं पाणी आहे. खनिजं आहेत त्यात. आत्ताच आलंय फोनवर. रंग पिवळा असला तर उत्तम म्हणे." आणि तो ओंजळभर पाणी सर्वांदेखत प्यायला.

"अरे, खात्याचं निवेदन आलंय! शिक्का आहे त्यावर!"

"शिक्का आहे म्हणूनच शंका येते. आजकाल शिक्के कुणीही लावतं."

मग काकांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या मानी माणसाला सोपं नव्हतं. ते तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक दारात गेले, आणि प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले, "तो मेसेज खोटा होता. मी लिहिला. ज्येष्ठ जलशास्त्रज्ञ मीच. पाणी उकळून प्या."

पहिल्या मजल्यावर त्यांना बसवून सरबत देण्यात आलं, ते त्याच पाण्याचं. तिसऱ्या मजल्यावर सूनबाईंनी आतल्या खोलीत जाऊन हळूच काकूंना फोन केला, की काकांना जरा डॉक्टरला दाखवा. बँकवाल्यांनी मात्र पुरावा काढला. "काका, मला हा मेसेज तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक परदेशातून. तुम्ही कुठे जाताय परदेशात लिहायला?"

"इथूनच गेला तो तिकडे!"

"तुम्ही लिहिला असता तर त्यात जंतू असते," बँकवाले म्हणाले, आणि खरं सांगायचं तर हे काकांनाही पटलं.

मग त्यांनी तेच सगळं ग्रुपवर लिहिलं, नावानिशी आणि फोन नंबर देऊन. खाली लगेच कुणीतरी मूळ मेसेज पुन्हा टाकला. दुसऱ्याने त्याला हात जोडले. सेक्रेटरीने लिहिलं, 'कृपया ग्रुपवर अफवा पसरवू नयेत,' आणि क्लोरीनकाकांना ग्रुपमधून काढून टाकलं.

काका खुर्चीत बसले. काकू समोर उभ्या होत्या.

"तूही मला वेडा समजतेस?"

"छे. मला सोमवारीच कळलं होतं, तुम्ही लिहिलाय म्हणून."

"कसं?"

"'दहाच्या आत' असं दुसरं कोण लिहितं? बाकी सगळे 'ताबडतोब' लिहितात. शिवाय वही टेबलावरच होती, रकाने आखलेली."

काका उठूनच उभे राहिले. "मग आज सकाळी आपलं पिंप का रिकामं केलंस?"

काकूंनी पदराशी चाळा केला. "म्हटलं, असेल त्यात काहीतरी. एवढे सगळे लोक करत होते."

काका पुन्हा बसले. एकतीस वर्षांत त्यांनी पाण्यातलं सगळं मोजलं होतं, गढूळपणा, क्षार, जंतू. या गोष्टीला मोजायला त्यांच्याकडे काही नव्हतं. काकूंनी मात्र गॅसवर पातेलं चढवलं आणि झाकण ठेवलं. तेवढं काकांना पुरे होतं, निदान त्या दिवसापुरतं.

गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडून बँकवाल्यांच्या संडासाची साखळी सहा वेळा ऐकू आली. सातव्यांदा ते गॅलरीत आले, तोंड पांढरंफटक, हाताने कठडा धरलेला.

"आमचंच चुकलं, काका," ते क्षीण आवाजात म्हणाले. "आमचं पिंप दहा वाजून दहा मिनिटांनी रिकामं झालं."

काकांनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते सांगितलं. बँकवाल्यांनी ते फोनवर पडताळून पाहिलं आणि मगच आत गेले.

थोड्या वेळाने दार वाजलं. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या. एक मजला चढून आल्यामुळे धापा टाकत होत्या आणि हातात फडक्याने धरलेलं पातेलं होतं. पातेल्यातून वाफ येत होती.

"काल तुम्ही दारात येऊन सांगितलंत ना, उकळा म्हणून," आजी म्हणाल्या. "म्हणून उकळलं. पण किती वेळ ते विचारायचं राहिलं. एवढं पुरे का?"

काका पातेल्याकडे बघत राहिले. चार मजले, सगळी दारं, आणि एक पातेलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला.

"उकळी फुटल्यापासून पाच मिनिटं, आजी. आठवडाभर. मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही." आणि मग, मोह न आवरून, "तुम्ही एकट्यांनीच ऐकलंत माझं."

"काय करणार?" आजी म्हणाल्या. "फोन बादलीत पडला ना काल. बघायला काही नाही. मग म्हटलं, जाऊ दे, काकांना विचारू." त्यांनी पदराच्या गाठीतून फोन काढला आणि पुढे केला. "तुम्हाला यातलं काही कळतं का हो? लवकर झाला तर बरं. हे पाच मिनिटांचंही एकदा बघून घेतलं असतं, खात्रीला."

काकांनी फोन हातात घेतला. तो कोरडा होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावला आणि प्रयोगशाळेतल्या गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"आत पाणी गेलंय," ते म्हणाले. "आठवडा लागेल."

"आठवडा?"

"निदान. घाई केली तर कायमचा जाईल."

एकतीस वर्षं एकही आकडा मनाने न लिहिणाऱ्या माणसाने तीन दिवसांत लिहिलेला हा दुसरा. आजींनी मान डोलावली, पातेलं सावरलं आणि पायरीपायरीवर थांबत खाली गेल्या. त्या आपल्या दारात शिरेपर्यंत काका जिन्यात उभे राहिले.

मग ते आत आले, टेबलाचा खण उघडला आणि काळ्या बाटलीशेजारी फोन ठेवला. खण लोटतात तोच आतून टिंग असा आवाज झाला. फोन उजळला होता. पाठोपाठ आणखी एक टिंग, आणि आणखी एक. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

"कुणाचा वाजतोय? काय आलंय बघा तरी."

"काही नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी खणाला कुलूप लावलं.